पहिल्या मानाचा नमुना

हा अंक तुम्ही चकली खाता खाता वाचत असाल, तर आधी ती चकली संपवा. माझी सगळी नोकरी सरकारी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत गेली, आणि तिथे लोक जे घेऊन यायचे ते फराळाच्या ताटाशेजारी चालणारं नाही. डॉक्टरांना हापूसची पेटी यायची. नर्सबाईंना नारळ यायचे, नशीब असलं तर पापलेटं यायची. मला डबे यायचे.

आणि डबे तरी कसले कसले! दवाखान्यातून आम्ही मोठ्या तोंडाची बाटली द्यायचो, पण ती लोकांच्या घरी गेली की तिच्यात लोणचं भरलं जायचं आणि नमुना यायचा तपकिरीच्या डबीतून. देवगडच्या एका बागायतदाराने आपला नमुना आंब्यासारखा गवतात बसवून, वर सुतळी बांधून पाठवला होता. तारकर्लीची एक सून सासूचा म्हणून स्वतःचाच घेऊन आली. मी ओरडले तर मलाच म्हणते, "एकाच चुलीवरचा जेवतोव गो बाय आमी. फरक काय पडतलो?" कपाळाला हात लावला आणि तिला परत पाठवली.

माझं नाव सुलभा, पण तालुक्यात मला सगळे 'भिंगवाली बाय' म्हणत. आमचा जिल्हा तेव्हा नुकता वेगळा झाला होता. नवा जिल्हा, नव्या पाट्या आणि प्रयोगशाळा मात्र जुन्या बाळंतिणीच्या खोलीत. एक सूक्ष्मदर्शक, एक बर्फाची पेटी आणि जंतू वाढवायची एक उबवणी पेटी. या पेटीची ऊब माणसाच्या अंगाइतकी. जंतूंना खाद्य घातलेल्या काचेच्या ताटल्या तिच्यात ठेवल्या की दुसऱ्या दिवशी ठिपके उगवतात. आमचा शिपाई गोविंदा त्याच पेटीत दह्याला विरजण लावायचा, कारण पावसाळ्यात घरी दही धरत नसे. मला कळलं तेव्हा मी त्याला हाताला धरून भिंगापाशी बसवलं आणि त्याच्या दह्याचे शेजारी कोण कोण आहेत ते दाखवलं. त्याने दही जन्मात सोडलं. बायकोने केलेली कढीसुद्धा तो वास घेऊन खायचा.

तर मुदतीचा ताप. म्हणजे टायफॉइड. याच्या जंतूवर माझा राग आहे आणि खरं सांगायचं तर थोडं कौतुकही आहे. एवढासा काडीसारखा जीव, अंगाला शेपट्या, पोहायला पटाईत. पाण्यातून नाहीतर अन्नातून तो आपल्या पोटात जातो आणि आतड्याच्या पेशीला जाऊन चिकटतो. ती पेशी आपण होऊन त्याच्याभोवती पदर गुंडाळल्यासारखी वर येते आणि त्याला आत घेते. मग शरीर आपल्या भक्षक पेशी पाठवतं. त्यांचं कामच जंतू गिळून पचवायचं. हा गुमान गिळला जातो आणि पचवणारा रस आपल्यावर पडूच देत नाही. ज्याने मारायचं त्याच्याच पोटात बसून हा बिनभाड्याचा राहतो, वाढतो आणि त्याच्याच पाठीवरून साऱ्या अंगभर फिरतो. सगळ्यात कहर पुढेच आहे. पित्तात दुसरे जंतू मरतात, हा तरारतो. एखाद्याच्या पित्ताशयात खडा असेल तर हा त्या खड्यावर घर करतो. ताप केव्हाच उतरलेला असतो, माणूस धडधाकट असतो, चांगला चार भाकऱ्या खातो आणि वर्षानुवर्षं शौचावाटे जंतू बाहेर सोडत राहतो. त्याला स्वतःला काही होत नाही. होतं ते दुसऱ्यांना.

आचऱ्याच्या अलीकडे एक गाव आहे. नाव सांगत नाही, तिथे माझे व्याही राहतात. त्या गावात दरवर्षी ग्रामदेव रवळनाथाची समाराधना, म्हणजे गावजेवण, झालं की पुढच्या पंधरवड्यात आमच्या दवाखान्यात तापाचे रोगी यायला लागत. आमचे डॉक्टर कुलकर्णी घाटावरचे, तरुण, चिवट माणूस. पहिल्या वर्षी त्यांनी विहिरींत औषध टाकलं. गावाने चहाला दवाखान्याचा वास येतो म्हणून शिव्या घातल्या. दुसऱ्या वर्षी पुन्हा ताप. गावच्या मास्तरांच्या मुलीला तर आतडं फुटायच्या बेताला कोल्हापूरला हलवली. वाचली, पण तिच्याकडे बघवत नव्हतं. केस सगळे गळालेले, मानेवर डोकं तोलत नव्हतं.

मग डॉक्टरांच्या एक गोष्ट लक्षात आली. पहिल्या पंगतीत जेवणाऱ्या मानकऱ्यांना ताप येत नाही. येतो तो शेवटच्या पंगतीला, म्हणजे बायकांना आणि पोरांना. गावाचं उत्तर तयार होतं: "मानकऱ्यांका देव सांभाळता." डॉक्टर मला म्हणाले, "बाई, देव सांभाळत असेल, पण शेवटच्या पंगतीपर्यंत कुठला पदार्थ न उकळलेला उभा असतो?"

मी याच मातीतली. मला विचार करावा लागला नाही. "रस," मी म्हटलं.

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडे तांदळाचे शिरवाळे करतात, म्हणजे वाफवलेल्या शेवया. त्या नारळाच्या गोड रसात बुडवून खायच्या. ओला नारळ वाटायचा, हाताने पिळायचा, त्यात गूळ आणि वेलची. रस उकळत नाहीत, उकळला तर फुटतो. सकाळी पिळलेला हा रस दुपारपर्यंत मोठ्या पितळी हंड्यात उभा. गोड, कोमट, सायीसारखा. जंतूंसाठी मी प्रयोगशाळेत इतकं चांगलं खाद्य कधी बनवलं नव्हतं. सकाळी हंड्यात चार जंतू पडले तर पहिल्या पंगतीला त्यांचा उपद्रव नाही. दुपारपर्यंत त्यांचं गोकुळ होतं.

आणि तो रस पिळायचा मान एकाच घराचा. बाबलमामांचा. साठी उलटलेला, गोरापान, हसरा माणूस. बायको गेलेली, मूलबाळ नाही. वर्षभर सुपारीच्या बागेत राबायचे आणि समाराधनेच्या दिवशी राजासारखे हंड्यापाशी बसायचे. साऱ्या गावात त्यांची ओळख तेवढीच आणि त्यांना तेवढीच पुरायची. तरुणपणी त्यांना मुदतीचा ताप येऊन गेला होता. पुढची समाराधना दीड महिन्यावर होती. त्याच्या आत बाबलमामांचा नमुना मिळाला नाही तर पुन्हा एखादी मास्तरांची पोरगी मरायला टेकणार, आणि मिळाला तर बाबलमामांचं काय होणार, ते मला दिसत होतं.

एकट्याचं नाव घेतलं तर गाव त्यांच्यावर धावून जाईल. म्हणून डॉक्टरांनी समाराधनेच्या स्वयंपाकात हात घालणाऱ्या सगळ्यांचे नमुने मागितले. गावाने आम्हाला देवळात बोलावलं. गावचे पहिले मानकरी तात्या. पांढऱ्या मिशा, ताठ मान. गावात पालखीला पहिला खांदा त्यांचा, होळीला पहिला नारळ त्यांचा, फार काय, एसटी गावात पहिल्यांदा आली तेव्हा पहिलं तिकीटही त्यांनीच काढलेलं. तात्या म्हणाले, "डॉक्टरांनू, तुमचा बरोबर असतला. पण देवाक इचारल्याशिवाय गावाचा काय भायर जाणा नाय."

आणि मग देवासमोर गाऱ्हाणं घातलं गेलं. मी आयुष्यात पुष्कळ गाऱ्हाणी ऐकली, असलं ऐकलं नाही. गुरव हात जोडून उभा राहिला आणि खणखणीत आवाजात सुरू झाला:

"बा देवा रवळनाथा, बारा वहिवाटीच्या म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळा गाव.

"आज तालुक्यासून डॉक्टर आणि भिंगवाली बाय तुझ्या पायाकडे इलीहत!"

"होय म्हाराजा!"

"ती तुझ्या लेकरांकडे..." इथे गुरव अडला. देवासमोर तो शब्द उच्चारायचा कसा? घसा खाकरून म्हणाला, "...सकाळचो नमुनो मागतत!"

"होय म्हाराजा!"

"त्येच्यात काय वायट वाकडा आसात तर ता दूर कर रे म्हाराजा! आणि येत्या बुधवारी सगळ्यांक येळेर होवंदे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!!" हा होकार सगळ्यांत मोठा. डॉक्टर खांबाकडे तोंड करून उभे होते. त्यांचे खांदे हलत होते. मी पदर तोंडात कोंबला.

देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. बराच वेळ दोन्ही ढिम्म. मग उजवी पडली. मला वाटलं, झालं. कसलं झालं! देवाने होकार दिला म्हणजे ते देवाचं कार्य, आणि कार्य म्हटलं की मान आला. तात्या उठले, "तर मगे पयलो नमुनो आमचो." डॉक्टर म्हणाले, "तात्या, तुम्ही स्वयंपाकात नसता. तुमचा नको." तात्या असे बघायला लागले, जणू डॉक्टरांनी पालखीला लाथ मारली. दुसऱ्या मानकऱ्यांनी लगेच दुसरा नंबर सांगितला. तिसरे आणि चौथे यांच्यात पिढीजात वाद, ते तिथेच हातघाईवर आले. शेवटी ठरलं असं की मानाप्रमाणे सगळे देतील आणि स्वयंपाकवाले शेवटी. मी डॉक्टरांच्या कानात म्हटलं, "घ्या हो. बाबलमामांचा येतोय ना, बाकीचं पाटात सोडू."

बुधवारी सकाळच्या एसटीने डबे आले. आणणार कोण? तात्या स्वतः. पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. कंडक्टरने विचारलं, काय आहे? तात्या म्हणाले, "देवाचा आसा." कंडक्टरने पिशवीला नमस्कार केला. प्रयोगशाळेत त्यांनी डबे एकेक करून टेबलावर मांडले. पहिला पितळेचा, चिंच लावून लखलखीत घासलेला, आणि वर तुळशीचं पान.

"हे पान कशाला?" मी विचारलं.

"पयल्या मानाचो आसा. वळखूक येवक व्हयो."

ताटल्या घातल्या. मधे दिवसभर वीज गेली तेव्हा उबवणी पेटीला गोधडी गुंडाळून आत गरम पाण्याच्या पिशव्या बदलत बसले. शेवटी निकाल आला. बाबलमामांच्या ताटलीत हवे तेच ठिपके. अपेक्षितच होतं. आणि आणखी एका ताटलीत तेच ठिपके. पहिल्या नंबराच्या! डॉक्टर म्हणाले, "हा माणूस चुलीजवळ फिरकत नाही. पण असेल, दोन असू शकतात." पक्कं करायला मुंबईला पाठवलं. तिथूनही तेच आलं.

बाबलमामांना आधी बोलावलं. डॉक्टरांनी हळू हळू सगळं समजावलं. ते ऐकत राहिले, मग आपले हात उलटसुलट करून बघायला लागले. "म्हणजे मास्तरांच्या चेडवाक माझ्या ह्या हातांनी...? तिना दुसऱ्यांदा मागल्यान म्हणान मीच वाढललंय. वाटी भरून." आणि तो एवढा हसरा माणूस माझ्या टेबलावर डोकं ठेवून हुंदके द्यायला लागला. "माका आता गावात ठेवतले नाय. कित्याक ठेवूचा?" मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, तर पाठ दचकली. माणसाला स्वतःचाच विटाळ वाटायला लागला की असं होतं.

तेवढ्यात तात्या आत आले. डॉक्टरांनी त्यांनाही सांगितलं. तात्या पांढरेफटक पडले. तोंड उघडलं, बाबलमामांकडे पाहिलं, तोंड मिटलं. मग मान ताठ करून खुर्चीत बसले. "आसा तर आसा."

बाबलमामांनी डोकं वर केलं. "तात्यानू? तुमकांय?"

"मगे? गावात काय येतला ता पयला माझ्याच घराक येतला."

आता बघा कसं झालं. गावात बातमी पोचली की जंतू सापडला तो तात्यांत आणि बाबलात. बाबलमामांना कुणी वाळीत टाकणार होतं, ते सगळं तिथल्या तिथे थांबलं. तात्यांना आहे म्हणजे ते दुखणं घराणेदार. दुसरे मानकरी तर रागाने लाल होऊन माझ्याकडे आले. "आमकां कित्याक नाय? नीट बघितलास? परत तपासा!" मी म्हटलं, "अहो, नाही ते चांगलं आहे." तर म्हणे, "ता तुमी आमकां शिकवा नकात." चौथ्यांचा पोरगा डॉक्टरांना विचारून गेला की हा जंतू मुंबईहून मागवता येतो का. खोटं सांगत असेन तर जीभ झडो.

औषध द्यायच्या आधी पुन्हा नमुने घ्यायचे असतात. बाबलमामांच्या प्रत्येक नमुन्यात जंतू. तात्यांच्या एकातही नाही. मी तात्यांना एकट्याला बोलावलं, दार लावून घेतलं. "तात्या, खरं सांगा. पहिला डबा कुणाचा?"

तात्यांनी छताकडे पाहिलं, सूक्ष्मदर्शकाकडे पाहिलं. मिशा थरथरायला लागल्या. "बाय, त्या बुधवारी सगळ्या गावाक देव पावलो. माका एकट्याक पावाक नाय."

"म्हणजे?"

"पाटेक उठलंय. गरम पाणी घेतलंय, केळी खाल्लंय, परसात दोन येरझारे घातलंय. काय्येक नाय! एसटीची येळ झाली. पयलो डबो रिकामो नेतलंय तर घराण्याचा नाव रवता? मगे एसटीच्या थांब्याच्या मागे गेलंय... बाबलाचो डबो काठोकाठ भरललो होतो. म्हटलंय, त्याका काय कमी पडाचा नाय."

मी हसले. आवरेचना मला. बाकावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले आणि तो ताठ मानेचा म्हातारा समोर मान खाली घालून उभा. "हसा," म्हणाला, "पण खंय बोला नको. माझ्या मानासाठी सांगणंय नाय. पयल्यांदा मानासाठीच लपयलंय, ता खरा. पण आता बाबल काय म्हणता, आयकलस? 'तात्यांक आसा तर माका लाज कसली.' मी नाय म्हटलंय, तर तो एकटो पडतलो गो. मगे तो जगाचो नाय."

माझं हसू गेलं. डॉक्टरांना सांगणं भाग होतं, नाहीतर तात्यांना फुकट गोळ्या पडल्या असत्या. डॉक्टर हसले आणि म्हणाले, "तात्यांना शक्तीच्या गोळ्या द्या. गावाला सांगायची गरज नाही." तात्यांनी त्या गोळ्या घड्याळ लावून, चारचौघांत घेतल्या.

त्या वर्षी समाराधनेला बाबलमामा हंड्यापासून लांब स्टुलावर बसले, हात उपरण्यात गुंडाळून. शेजारी दुसऱ्या स्टुलावर तात्या, तेही हात गुंडाळून. पुतण्यांनी साबणाने हात धुऊन रस पिळला. बाबलमामा लांबून ओरडत, "गूळ कमी पडलो रे मेल्यानू!" गाव म्हणाला, रस कसला, नारळाचं धुवण आहे. पण त्या साली ताप आला नाही. पावसाळ्यानंतर गोव्याला बाबलमामांच्या पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली. बटाट्याएवढा नसेल, पण चिकूच्या बीएवढे पुष्कळ खडे निघाले. ते बाटलीत भरून त्यांनी गावभर दाखवले. मग महिनोन्‌महिने मी त्यांचे नमुने बघत राहिले. सगळे स्वच्छ. तरी या जंतूची हमी कोणी देत नाही. डॉक्टरांनी तसं बाबलमामांना सांगितलंही होतं. पण गाव म्हणाला, मान ज्याच्या घरचा त्याचा. तात्या म्हणाले म्हणून गाव म्हणाला.

पुढच्या समाराधनेला आम्हाला दोघांना आमंत्रण होतं. बाबलमामांनी कोपरापर्यंत हात घासून घासून लाल केले आणि रस पिळला. पहिल्या पंगतीने तो खाल्ला. त्यात विशेष नव्हतं, पहिल्या पंगतीला कधी काही झालंच नव्हतं. पण त्या पंगतीत तात्यांचं पान रिकामं होतं. कुणी म्हणालं, तात्यांचा उपास आहे.

दुपार कलली. शेवटची पंगत बसली, बायका आणि पोरं, आणि त्यांच्यात मी. मास्तरांची मुलगीही होती, केस आता खांद्यापर्यंत आलेले. बाबलमामा रसाचं भांडं घेऊन आले आणि पहिल्याच बाईने आपल्या पोराच्या द्रोणावर हात आडवा धरला. मग दुसरीने. मग रांगेतल्या सगळ्यांनी. बाबलमामा भांडं धरून मधोमध उभे राहिले. पुढे जाता येईना, मागेही फिरता येईना. भांड्यातला रस हिंदकळत होता. मला वाटलं, हे भांडं आता पडणार.

तेव्हा तात्या आले. पंगतीच्या अगदी शेपटाला, दोन शेंबड्या पोरांच्या मधे मांडी घालून बसले. गुरव धावत आला, "तात्यानू, तुमचो मान पयल्या पंगतीत!"

"मान खंय पळान जायना नाय," तात्या म्हणाले. "वाढ रे बाबल."

द्रोण भरला. सगळा गाव बघत होता. गावाला वाटत होतं, तात्यांना हा जंतू होऊन गेलाय, त्यांना काय भीती! मला आणि डॉक्टरांना माहीत होतं की या म्हाताऱ्याच्या पोटात तो कधी गेलाच नव्हता, आणि शेवटच्या पंगतीचा रस त्याने जन्मात चाखला नव्हता. तात्यांनी द्रोण तोंडाला लावला, रिकामा केला, मिशा पुसल्या. "आणखी वाढ." मग रांगेपलीकडून माझ्याकडे पाहिलं. मी माझा द्रोण पुढे केला. आणि मास्तरांच्या मुलीने आपल्या आईचा हात बाजूला सारला.

पुढचा पंधरवडा मी रोज सकाळी दवाखान्याच्या दाराकडे डोळे लावून बसायची. कोणी आलं नाही. मग एक दिवस तात्या आले, एकटे, घाम पुसत. पिशवीतून पितळेचा डबा काढून टेबलावर ठेवला. चिंच लावून लखलखीत घासलेला, वर तुळशीचं पान.

"ह्या खेपेक माझोच आसा, बाय," म्हणाले. "नीट बघ."

मी पान उचलून बाजूला ठेवलं, आणि डब्यावर एक नंबर घातला.